आठशे युनिट, एक स्लॅब आणि बी-८०

वीजबिल जास्त येण्याचा मला राग नाही. नागपुरात मे महिन्यात दिवसभर दोन कूलर आणि रात्री एसी चालवला, तर बिल येणारच. राग आहे तो बरोबर रिडिंगला चुकीचा हिशेब लावून वर "सिस्टीममधूनच आलं" म्हणून मोकळं होण्याचा.

२०२४ च्या मे महिन्याचं बिल फक्त १८० युनिटांचं आलं. घरात सगळे खूश. मी चालू रिडिंगचा रकाना पाहिला तर तिथे आकडाच नाही, नुसतं 'आरएनए'. म्हणजे रिडिंग मिळालं नाही आणि आधीच्या महिन्यांची सरासरी लावून बिल काढलं. आमचं मीटर फाटकाबाहेरच्या भिंतीवर आहे, हेही सांगून ठेवते.

जूनच्या बिलात एकदम ८०० युनिट. ते खरेच होते, दोन महिन्यांचे. मेमध्ये भरलेले पैसेही वजा केले होते. पण स्लॅब, म्हणजे युनिटांच्या टप्प्यांनुसार वाढत जाणारा दर, लावला एकाच महिन्याचा, आणि सगळी मेख तिथेच होती.

तेव्हा वीज आकाराचे दर असे होते: पहिल्या १०० युनिटांना ४.७१ रुपये, १०१ ते ३०० पर्यंत १०.२९, ३०१ ते ५०० पर्यंत १४.५५ आणि त्यापुढे १६.६४. शंभरच्या वर एक युनिट गेलं की सगळंच महाग होतं, असं आमच्या गल्लीत अजूनही छातीठोकपणे सांगतात. तसं नसतं. पहिले शंभर स्वस्तच राहतात, फक्त वरचे युनिट वरच्या दराने लागतात. म्हणूनच महिने किती धरले याला महत्त्व. ८०० युनिट एका महिन्याचे धरले तर वीज आकार १०,४३१ रुपये. तेच ४००-४०० वाटले तर महिन्याला ३,९८४, दोन्ही मिळून ७,९६८. फरक २,४६३. त्यावर १६ टक्के वीज शुल्क, म्हणजे साधारण २,८५७ रुपये आमच्या खिशातून जास्तीचे.

हे सगळं कागदावर मांडून महावितरणच्या कार्यालयात गेले. खिडकीवरचे भाऊ कागदाकडे न बघताच म्हणाले, "ताई, मागचे पैसे वजा केले नं. मग कायचा प्रॉब्लेम?" मी म्हटलं, पैसे वजा झाले, स्लॅबचं काय? "स्लॅब सिस्टीम लावते, आम्ही नाही लावत." ज्यांच्याकडे पाठवलं ते साहेब जेवून राहिले होते. जेवण झाल्यावर मीटिंग. पुढच्या वेळी सांगितलं, आधी बिल पूर्ण भरा, मग बघू. वर "उन्हाळ्यात सगळ्यांचंच येते, कूलर कमी चालवा" हा फुकटचा सल्ला. बाहेर पारा ४४ च्या वर आणि साहेबांच्या डोक्यावर एसी!

शेवटी तिथल्याच एका वयस्क कर्मचाऱ्याने हळूच सांगितलं, "तोंडी बोलून होत नाही. अर्ज द्या, बी-८० करावं लागते." बी-८० म्हणजे बिल दुरुस्तीचा त्यांचा कागद. हे पहिल्याच दिवशी कोणी सांगितलं असतं तर? मी एका पानाचा अर्ज लिहिला: रिडिंग दोन महिन्यांचं, युनिट दोन महिन्यांत वाटून स्लॅब लावावा, सोबत हिशेब आणि दोन्ही बिलांच्या झेरॉक्स. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक मागितला तेव्हा खिडकीवरच्या भाऊंचा आवाज एकदम मऊ झाला. त्यानंतर बिल दुरुस्त होऊन आलं. खरं सांगते, त्या दिवशी इतवारीच्या सराफा बाजारातून दागिना घेऊन आल्यासारखी घरी आले.

पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. अर्ज करूनही काही झालं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्या वर विद्युत लोकपाल, आणि त्यांचं कार्यालय नागपुरातही आहे. मुंबई गाठायची गरज नाही.

आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं: दर महिन्याला मीटरचा फोटो काढून ठेवा, आकडा आणि तारीख दिसेल असा.

स्थिर आकारावर मात्र भांडण्यात अर्थ नाही. मनीषनगरातला मावशीचा फ्लॅट बंद असतो, तरी बिल येतं म्हणून ती दर महिन्याला चिडते. तारा, ट्रान्सफॉर्मर, तुमच्यासाठी राखून ठेवलेली वीज यांचा तो खर्च आहे, पंखा फिरो न फिरो. फक्त तुमची जोडणी थ्री फेज आहे का ते बघा. थ्री फेजचा स्थिर आकार सिंगल फेजच्या तिपटीच्या आसपास जातो, आणि कित्येकांनी ही जोडणी एका एसीसाठी घेऊन ठेवलेली असते. वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत पोचवण्याचा आकार, वेगळा; तो प्रत्येक युनिटवर लागतो, तेव्हा १.१७ रुपये होता. दर युनिटचा खर्च काढताना लोक नेमका तोच विसरतात.

उन्हाळ्यात सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल आलं तर ते या हिशेबात मिसळू नका. ती ठेव वर्षभराच्या सरासरी बिलावर ठरते. तिच्यावर व्याज मिळतं, ते बिलात जमा झालंय का तेवढं पाहा.