आमची वाटचाल : उसाच्या पट्ट्यात सांडपाण्याचे आकडे

बेळगावच्या उद्यमबागेत आमचा गाळा आहे. आजूबाजूला फाउंड्र्या, मशीन शॉप, हायड्रॉलिकची कामं. आमच्याकडे मात्र बीकर, बफरच्या (ठरलेल्या पीएचच्या द्रावणाच्या) बाटल्या आणि धुऊन वाळत ठेवलेले प्रोब, म्हणजे पाण्यात बुडवून मोजणी करणारी उपकरणं. सुरुवात केली ती साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांना काचसामान आणि रसायनं पुरवण्यापासून. निपाणी, चिकोडी, अथणी, गोकाक, खानापूर हा आमचा फिरतीचा पट्टा. तेव्हा ईटीपीचं, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाचं, रीडिंग ऑपरेटर वहीत लिहायचा आणि त्यावरून केलेला अहवाल कागदावर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जायचा. पाणी कधी बिघडलं हे कागदावरून समजेपर्यंत ते पाणी खालच्या गावांपर्यंत पोचून गेलेलं असायचं.

५ फेब्रुवारी २०१४ रोजी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं राज्यांच्या मंडळांना निर्देश दिले, की जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांनी सांडपाण्यावर आणि धुरांड्यावर चोवीस तास मोजणारी यंत्रणा बसवावी आणि तिचं रीडिंग थेट सर्व्हरवर पाठवावं. साखर कारखाने आणि डिस्टिलऱ्या दोन्ही या यादीत. मशिनं विकायला मोठ्या शहरांतून कंपन्या आल्या. पण ऐन गळीत हंगामात रात्री प्रोबवर शेवाळ धरलं, तर यायचं कोणी? ते काम आम्ही घेतलं, आणि आमचा धंदा तिथून बदलला.

या कामातली खरी मेहनत सीओडी आणि बीओडीच्या आकड्यात आहे. पाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाईल, ते हे आकडे सांगतात; सीओडी रसायनानं काढतात, बीओडी जंतूंच्या मदतीनं. प्रयोगशाळेत सीओडी काढायचा तर नमुना डायक्रोमेटबरोबर दोन तास उकळावा लागतो. बीओडीला २७ अंशांवर तीन दिवस जातात. सर्व्हरला मात्र दर पंधरा मिनिटांची सरासरी हवी असते. म्हणून बहुतेक प्रोब पाण्यातून अतिनील प्रकाश सोडतात, तो किती शोषला गेला ते बघतात आणि त्यावरून सीओडीचा अंदाज बांधतात. बऱ्याच प्रोबमध्ये हा प्रकाश २५४ नॅनोमीटरचा असतो, आणि साखर त्या प्रकाशाला जवळजवळ अडवतच नाही. रस शिजवायच्या पॅनमधून किंवा वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरच्या पाण्यातून साखर निसटून ईटीपीत आली, तर प्रयोगशाळेतला सीओडी चढतो आणि प्रोब शांत राहतो. ज्या कारखान्यात साखर बनते, तिथंच ही अडचण! म्हणून कुठल्याही कारखान्यात प्रोब बसवला, की त्याच पाण्याचे नमुने वेगवेगळ्या शिफ्टमध्ये घेऊन प्रयोगशाळेच्या आकड्याशी जुळवणं आम्ही सोडत नाही. कंपनीनं घालून दिलेलं कॅलिब्रेशन, म्हणजे प्रकाशावरून आकडा काढायचं गणित, तसंच चालवणं म्हणजे दुसऱ्याच पाण्याचा आकडा मंडळाला पाठवणं, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकीची कामं सरळ आहेत. पीएचचा इलेक्ट्रोड बफरमध्ये तपासायचा, प्रोबच्या काचा पुसायच्या, फ्लोमीटरचा पाइप पूर्ण भरून वाहतोय ना ते बघायचं. नेटवर्क गेलं तर लॉगरनं, म्हणजे रीडिंग नोंदवून सर्व्हरला पाठवणाऱ्या यंत्रानं, डेटा साठवून नंतर पाठवला पाहिजे. प्रोब धुवायला बाहेर काढला, तर तेवढ्या वेळेवर देखभालीची खूण पडली पाहिजे.

सीमाभागामुळे आमच्या कामाला आणखी एक बाजू आहे. दूधगंगा कोल्हापूरकडून येते, वेदगंगेला घेऊन पुढे कृष्णेला मिळते. वरच्या अंगाचा कारखाना महाराष्ट्राच्या मंडळाला आकडे पाठवतो, खालचा कर्नाटकाच्या. नदी एक, पोर्टल दोन. आमच्या पोरांना मंडळाची कन्नड पत्रं वाचता येतात आणि प्लँटवरच्या ऑपरेटरशी मराठीत बोलता येतं. कामावर घेताना हे मी आवर्जून बघतो. “काका, प्रोब साफ करायलोय, लॉगरवर नोंद टाका की,” हे सांगणाऱ्याला प्लँटवर कोणी परका समजत नाही.

एका कारखान्याच्या अधिकाऱ्यांनी आम्हाला बोलावून सांगितलं, “आकडा मर्यादेच्या वर जाणार नाही, असं सेटिंग करून द्या.” सांडपाणी नदीत सोडायचं तर साखर कारखान्याला बीओडीची मर्यादा लिटरमागे ३० मिलिग्रॅम, जमिनीवर सोडायचं तर १००. मी त्यांना म्हटलं, “साहेब, एरेशनची टाकी दुरुस्त करूया, त्याला लागेल ती मदत करतो.” त्या टाकीत हवा सोडून सांडपाण्यातली घाण कमी करतात. पण त्या कारखान्याचं काम आमच्याकडून गेलं. त्या वर्षी पगाराची ओढाताण झाली, पण माणूस एकही कमी केला नाही.

त्यानंतर आम्ही करारातच लिहून घेऊ लागलो. लॉगरच्या सेटिंगमध्ये काहीही बदललं, तर तारीख, वेळ, कारण आणि बदलणाऱ्याचं नाव दोन्ही बाजूंच्या सहीनं नोंदवायचं. रीडिंग वर गेलं, तर आमचा माणूस आधी ईटीपीवर फोन करतो, लगेच नमुना घेतो, आणि प्रयोगशाळेचा आकडा लेखी कळवतो. सर्व्हरवर गेलेला आकडा जसा गेला तसाच राहतो. ही अट ज्यांना मान्य असेल, त्यांच्याकडे आम्ही बॉयलर पेटायच्या आधीच येतो, प्रोब धुऊन-तपासून बसवतो आणि पहिला नमुना त्यांच्या केमिस्टच्या समोरच काढतो.