पाच गुणांचा सामना

स्मरणिकेसाठी मनोगत मागितलं तेव्हा संपादक मंडळाला वर्गातल्या खोड्या आणि गॅदरिंगच्या आठवणी अपेक्षित असणार. त्या आमच्या बॅचचे बाकीचे लिहितीलच, आणि माझ्यापेक्षा रंगवून लिहितील. मला शाळेने वेड लावलं ते प्रश्नमंजुषेचं. शाळेत प्रश्नमंजुषा मंडळ पुन्हा सुरू झालंय असं कळलं, तेव्हा त्या मुलामुलींच्या कामाला येईल असंच काही लिहितो.

आमच्या पिढीला हा खेळ टीव्हीने दाखवला. १९८५ साली दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचा ‘क्विझ टाइम’ आला. रेडिओवर गाजलेली ‘बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट’ १९९२ पासून झी टीव्हीवर डेरेक ओब्रायन घेऊ लागले. पण अटीतटीचा सामना कसा फिरतो हे शिकायचं तर ब्रिटनचा ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ हा विद्यापीठं आणि कॉलेजांच्या संघांमधला कार्यक्रम बघावा. १९६२ पासून चालत आलेला कार्यक्रम; मधली काही वर्षं बंद होता, १९९४ला परत आला. बॅम्बर गॅस्कॉइन, मग जेरेमी पॅक्समन आणि २०२३ पासून कोलकात्यात जन्मलेले अमोल राजन असे सूत्रधार. त्याची भारतीय आवृत्तीही बीबीसी वर्ल्डवर झाली, सिद्धार्थ बसूंचीच, आणि २००४ला तिचं पहिलं विजेतेपद मुंबईच्या सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालयाने पटकावलं.

ब्रिटनमधल्या दोन अंतिम फेऱ्या मुद्दाम सांगतो. २००६मध्ये मँचेस्टर विद्यापीठाने केंब्रिजच्या ट्रिनिटी हॉल या कॉलेजला हरवलं ते १६०–१५५ असं. २०२५मध्ये केंब्रिजच्याच क्राइस्ट्स कॉलेजने वॉरिक विद्यापीठाला हरवलं, १७५–१७०. दोन्ही वेळा फरक पाचचा. या खेळात सगळे गुण पाचाच्या पटीत मिळतात, त्यामुळे याहून कमी फरकाने कुणी जिंकूच शकत नाही.

आता नियम. प्रत्येक संघात चार जण, त्यातला एक कॅप्टन. आधी येतो ‘स्टार्टर’, दहा गुणांचा. त्याला आठही जणांनी एकेकट्याने भिडायचं, आपसात कुजबुजही चालत नाही. बझर दाबला की निवेदक संघाचं आणि खेळाडूचं नाव पुकारतो, मगच उत्तर. बरोबर आलं तर त्या संघाला एकाच विषयावरचे तीन बोनस, प्रत्येकी पाच गुणांचे; इथे चर्चा चालते, पण उत्तर कॅप्टनच्या तोंडून, किंवा तो ज्याचं नाव घेईल त्याच्या. म्हणजे एका स्टार्टरमागे जास्तीत जास्त पंचवीस. प्रश्न संपण्याआधी बझर दाबून चुकलात तर पाच गुण वजा, आणि राहिलेला प्रश्न समोरच्या संघाला पूर्ण वाचून दाखवतात. प्रश्न संपल्यावर चुकलात तर मात्र काहीही कापत नाहीत. हा फरक पुष्कळ मुलांच्या डोक्यात बसलेला नसतो.

१६० हा आकडा कसा बनू शकतो ते बघा. आठ स्टार्टर म्हणजे ८०. त्यांचे चोवीस बोनस, त्यातले सोळा आले तर आणखी ८०. झाले १६०. दुसऱ्या संघानेही नेमके आठ स्टार्टर आणि सोळा बोनस मिळवले, पण एकदा घाई करून चुकीचं उत्तर दिलं, की १५५. ज्ञान तंतोतंत सारखं आणि चषक दुसऱ्याकडे. बरं, ही एक घाई फक्त पाचाला पडत नाही. आपले पाच जातात आणि समोरच्याने तोच प्रश्न आरामात ऐकून स्टार्टर आणि तिन्ही बोनस घेतले तर एका बझरात तीसचा फेर पडतो.

मग घाई करायची की नाही? करायची, पण कान देऊन. चांगला प्रश्न अवघड खुणेपासून सोप्या खुणेकडे उतरत येतो. उदाहरणार्थ: ‘१८८७ साली ईरोड इथे जन्मलेल्या, १९१३ साली केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांना पत्रातून आपली सूत्रं कळवणाऱ्या आणि १७२९ या संख्येशी ज्याचं नाव जोडलं गेलं अशा गणितज्ञाचं नाव काय?’ (उत्तर: रामानुजन.) ‘ईरोड’ला बझरवर हात टाकणारा धाडसी, ‘हार्डी’ला टाकणारा शहाणा, १७२९पर्यंत थांबणारा बहुधा उशिरा पोचतो. आता दुसरा नमुना: ‘महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर १६४६ मीटरचं कळसूबाई, पण राज्यातला सर्वांत उंच किल्ला बागलाणात आहे, तो कोणता?’ पहिल्या चार शब्दांवर बझर दाबून ‘कळसूबाई’ म्हणणारा पाच गुण घालवून बसतो, आणि समोरचा ‘साल्हेर’ म्हणून दहा घेतो. सूत्रधाराचा आवाज वाक्याच्या मध्यावर वर चढला की पुढे ‘पण’ किंवा ‘तर’ येणार असं धरून चालावं. सरावात प्रश्न विचारणाऱ्याने असे वळणाचे प्रश्न मुद्दाम मिसळावेत, नाहीतर मुलांना पहिल्या नामावर झडप घालायची खोड लागते. ती खोड सोडवणं फार कठीण.

शेवटच्या मिनिटाचं गणित वेगळं असतं. एक बोनस वाचणं, कुजबुज, उत्तर, यात सहज पंधरा-वीस सेकंद जातात. म्हणजे तीन बोनसांत जवळपास मिनिट संपतं. घंटा झाली की प्रश्न अर्धा असला तरी खेळ संपला. पाच गुणांनी पुढे असलेल्या संघाने इथे प्रश्न पूर्ण ऐकावा: मध्येच चुकलात तर आघाडी पुसून बरोबरी होते आणि प्रश्नही समोरच्याच्या ताटात जातो. मागे असलेल्याची गोष्ट उलटी. पाचने मागे असताना चुकला तर दहाने मागे, आणि त्याला पुढच्या स्टार्टरवर बरोबरी, पहिल्या बोनसवर विजय अजून शक्य असतो. कबड्डीतल्या ‘करो या मरो’ चढाईसारखं, न जाणं हेच जास्त महाग.

बोनसांवर कॅप्टनची परीक्षा असते आणि माझ्या मते चुरशीचे सामने बझरवर कमी, इथे जास्त हरले जातात. तिघे तीन उत्तरं कुजबुजतात. ज्याचा तो विषय त्याचं उत्तर उचलायचं, सर्वांत मोठ्याने बोलणाऱ्याचं नाही. मागे असताना माहीत नसलेल्या बोनसवर पहिल्या तीन सेकंदांत ‘पास’ म्हणावं, म्हणजे पुढचा स्टार्टर लवकर येतो. पुढे असताना नीट विचार करून उत्तर द्यावं. सूत्रधार घाई करेपर्यंतचा वेळ तुमचा हक्काचा आहे. यात खोडसाळपणा काही नाही, नियमात बसतं ते. आणि बरोबरी झालीच तर निर्णायक स्टार्टर: पहिलं बरोबर उत्तर देणारा जिंकला. तिथे मध्येच चुकलात तर पाच गुण आणि सामना दोन्ही गेलं.

मँचेस्टरच्या यशामागे १९९७ पासून स्टीफन पिअरसन या ग्रंथपालांनी संघाला दिलेलं प्रशिक्षण होतं, हे शाळेच्या ग्रंथपालबाईंच्या कानावर घालावंसं वाटतं.

सरावासाठी बझर हवा. हात वर करण्यावर सराव केला तर कोण आधी यावरूनच भांडणं होतात. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत ७४३७३ या आठ लॅचच्या (आलेला संकेत धरून ठेवणाऱ्या मंडलांच्या) आयसीवर, म्हणजे चिपवर, तो बनवता येतो: आठ बटणं, आठ एलईडी, पाच व्होल्टचा पुरवठा. पहिलं बटण दाबलं की आयसीची एनेबल पिन (नवे संकेत आत घेऊ देणारी) बंद व्हावी अशी जोडणी करायची, म्हणजे बाकीचे सात अडकून पडतात. सूत्रधाराकडे एक रीसेट बटण. नेहमी बिघडतं ते इनपुटशी. मोकळे सोडलेले इनपुट आजूबाजूचा विजेचा गोंगाट पकडतात आणि कुणी न दाबता दिवे लागतात, म्हणून प्रत्येकाला १० किलोओहमच्या रोधकातून पाच व्होल्टशी बांधावं आणि बटण दाबल्यावर इनपुट ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला, जोडणारं ठेवावं. बटणं कमी खोलीची घ्यावीत, खोल बटणाला अंगठा पोचेपर्यंत उशीर होतो. वायरी बाकाखाली नीट बांधून टाका. ऐन सराव सामन्यात पायात अडकून निघालेली वायर हेच बझर बंद पडण्याचं सर्वांत नेहमीचं कारण आहे.

आठवड्यातून एकदा तरी पूर्ण सामना न खेळता फक्त शेवटची नव्वद सेकंदं खेळवा. फळ्यावर आधीच १५०–१४५ लिहून ठेवा, घड्याळ लावा, आणि पुढच्या वेळी संघांच्या जागा बदला, म्हणजे मागे पडलेल्यांचा धीर आणि पुढे असलेल्यांचा संयम दोन्ही प्रत्येकाच्या वाट्याला येतील.