आमची वाटचाल : मोटरहोमचा हिवाळा

मी मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरात कॉम्प्रेसरच्या आवाजातच वाढलो. कॅनडातल्या कॅलगरीत नोकरी करता करता 2014 साली आम्ही नवरा-बायकोने ओकोटोक्सजवळ शेतकऱ्याची पडीक जमीन भाड्याने घेतली, खडी टाकली, जाळीचं कुंपण घातलं. इथली मंडळी उन्हाळाभर बान्फ-जॅस्परच्या डोंगरांकडे हिंडतात आणि ऑक्टोबरात थँक्सगिव्हिंगचा सण उरकला की तीस फुटी मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घरच, ठेवायची कुठे, हा प्रश्न पडतो. जागा द्यायची, भाडं घ्यायचं, एवढाच आमचा हिशेब होता.

धंदा खरा वाढला तो पाण्यामुळे. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं आणि इथे पारा उणे 30 पर्यंत उतरतो. गाडीतल्या नळांत पाणी राहिलं तर एखादा सांधा जानेवारीत तडकतो. मालकाला कळतं मे महिन्यात, टाकी भरल्यावर, पायाखालची फळी भिजली की! म्हणून जागेबरोबर गाडी ‘कोरडी’ करून द्यायचं कामही अंगावर घेतलं. आधी गीझर रिकामा करून बायपास करायचा. मग कॉम्प्रेसरची हवा बेतानेच सोडायची, जोर जास्त झाला तर सांधेच सुटतात. एकेक नळ उघडायचा, गार आणि गरम दोन्ही बाजूंनी. बाहेरचा शॉवर हमखास विसरला जातो. शेवटी गुलाबी अँटीफ्रीझ, म्हणजे थंडीत नळ फुटू न देणारं द्रव, प्रत्येक नळातून रंग दिसेपर्यंत खेळवायचं. हे प्रॉपिलीन ग्लायकॉलचं. रेडिएटरमधलं कूलंट विषारी, ते इथे चालत नाही.

बॅटरीचं गिऱ्हाइकांना पटवायला वेळ लागला. उतरलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी उणे 7 च्या आसपासच गोठते, पूर्ण चार्ज केलेली मात्र अख्खा हिवाळा काढते. फ्रिजचं दार किलकिलं ठेवायचं, उंदरांच्या वाटा स्टील वूलने बुजवायच्या, ही कामं बायकोच्या यादीत असतात. तिची खूण झाल्याशिवाय चावी कपाटात जात नाही.

निळी ताडपत्री आम्ही घालू देत नाही, त्यावरून वाद झाले तरी. वाऱ्यात फडफडून ती रंग खरवडते आणि ओल आत कोंडते. इथे चिनूक, म्हणजे डोंगरावरून येणारा गरम वारा, सुटला की भर जानेवारीत बर्फ वितळतं आणि रात्री पुन्हा गोठतं. त्यानंतर प्रत्येक छताचे सांधे आम्ही शिडी लावून तपासतो.

बंदिस्त, गरम शेड बांधा, असं पुष्कळजण सुचवतात. गॅसचं बिल धरलं तर भाडं दुपटीवर जाईल आणि आमची गिऱ्हाइकं बहुतेक निवृत्त, हिशेबी माणसं. तूर्त खडीच वाढवतोय, शेजारच्या तुकड्याची बोलणी चालू आहेत. यंदाची नावनोंदणी ऑगस्टपासून.