आईला नदीत पोहायचं होतं

आई माद्रिदला माझ्याकडे येणार हे ठरलं, तेव्हाच तिने फोनवर सांगून टाकलं, "म्युझियमं वगैरे नंतर बघू. मला तिथल्या एखाद्या नदीत डुंबायचंय." आई वाईची. पाठीला सुका भोपळा बांधून कृष्णेत पोहायला शिकलेली. आता वय अडुसष्ट, दोन्ही गुडघे दुखतात, जिना उतरताना कठडा लागतो. पण पाण्याची ओढ तशीच आहे.

म्हणून जुलैत तीन दिवसांसाठी आम्ही ला वेरा या डोंगरपायथ्याच्या भागात गेलो. माद्रिदपासून साधारण 200 किलोमीटर. नवाल्मोराल दे ला माता या गावाशी हायवे सोडायचा आणि उत्तरेला वळायचं. समोर ग्रेदोस पर्वताची रांग, खाली तिएतार नदीचं सपाट खोरं, त्यात तंबाखू आणि मिरचीची शेतं. पर्वतावरचं बर्फ वितळून जे ओढे खाली येतात त्यांना इथले लोक 'गार्गांता' म्हणतात. गार्गांता म्हणजे घसा. उन्हाळ्यात गावोगावी या ओढ्याला आडवी बुटकी भिंत असते, तिचं दार बंद केलं की मागे डोह भरतो. त्याला म्हणायचं 'पिस्सिना नातुराल', नैसर्गिक तलाव. तळाला ग्रॅनाइटचे दगड आणि वाळू, वरून नवं पाणी येतं, खालून वाहून जातं. आपल्याकडचे बंधारे आठवले.

माझ्याकडून नियोजनात एक मोठी चूक झाली. हॉटेल, गाडी, रस्ता, सगळं नीट पाहिलं होतं. सम्राट पाचवा चार्ल्स शेवटी जिथे राहिला तो युस्तेचा मठ आम्हाला बघायचा होता, पण तो सोमवारी बंद असतो हे पाहायचं राहिलं. आणि आम्ही पोचलो सोमवारीच. आईचा चेहरा उतरेल अशी मला भीती होती, पण ती म्हणाली, "मग आज पाणी." तुम्ही जाणार असाल तर मुद्दाम असंच करा: सोमवार पाण्याला द्या. शनिवार-रविवारी अर्धं माद्रिद इथे उतरतं आणि अकरानंतर गाडी लावायला जागा मिळत नाही.

लोसार गावाच्या पुढे क्वार्तोस नावाची गार्गांता आहे. तिच्यावर जुना दगडी पूल, आणि पुलाच्या खालीच डोह. पाणी इतकं नितळ की दोन पुरुष खोल तळावरचा खडा मोजून घ्यावा. आम्ही साडेनऊला पोचलो तेव्हा तिथे आमच्याशिवाय फक्त एक आजी होत्या, पोहण्याच्या पोशाखात, केसांना टोपी. आईने जुनी लेगिंग आणि टी-शर्ट घातला होता. सुती सलवार भिजली की जड होते आणि पायात गुंडाळते, म्हणून मी ती घरीच ठेवायला लावली होती. पायात रबरी तळाचे पाण्यातले बूट. हे बूट विसरू नका. दगडांवर शेवाळ असतं, आणि गुडघे अधू असतील तर एक घसरण पुरते.

आईने पाऊल पाण्यात घातलं आणि झटकन मागे घेतलं. पाणी थंड नव्हे, बोचरं. घोटे बधिर होतात. ती काठावरच्या तापलेल्या खडकावर बसून राहिली आणि मला वाटलं, हौस इथेच संपली. तेवढ्यात त्या आजी जवळ आल्या. त्यांनी वाकून ओंजळभर पाणी घेतलं, आधी स्वतःच्या मनगटांवर चोळलं, मग मानेमागे, मग पोटावर, आणि आईला खूण केली: आता तू. आईने तसंच केलं. एकेक ओंजळ, घाई न करता. पाच-सात मिनिटांत ती कमरेपर्यंत उतरली होती, आणि मग काही न सांगता तिने पाण्यावर अंग टाकलं. मी काठावर टॉवेल धरून उभी. इतक्या वर्षांत मी आईला पोहताना पाहिलंच नव्हतं. हात लांब, मान वर, तोंडातून फुर्र असा आवाज. वाईची पोहण्याची ढब असणार ती.

दुपारचं जेवण म्हणजे खरी कसोटी. आई शाकाहारी. इथली प्रसिद्ध बटाट्याची भाजी, 'पातातास रेवोल्कोनास', दिसायला अगदी आपल्या घोटलेल्या भाजीसारखी, लालभडक. पण तीत डुकराची चरबी पडते. आधी विचारा. आईला मिळालं 'सोरोंगोयो': भाजलेली लाल ढोबळी मिरची, टोमॅटो, लसूण, वरून ऑलिव्हचं तेल. तिने एक घास घेतला आणि म्हणाली, "अगं, हे भरीत आहे." दाण्याचं कूट तेवढं नव्हतं.

तिथल्याच एका दुकानातून आम्ही पिमेंतोनचे डबे घेतले. ही ला वेराची धुरावलेली मिरची पूड. ऑक्टोबरात मिरची तोडतात, दोन मजली खोपट्यात वर पसरतात, खाली ओकची लाकडं जाळतात. दहा-पंधरा दिवस हा धूर चालतो, आणि रोज मिरची हाताने उलटीपालटी करावी लागते. डबा उघडल्यावर आईने नाक खुपसलं. "चुलीवरच्या शेकलेल्या मिरचीचा वास," म्हणाली. मिरची अमेरिकेतून स्पेनला आली, आणि पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्याला. आपल्या मसाल्याच्या डब्यातली आणि ही, दोघी तिथल्याच.

मंगळवारी युस्ते. सम्राट पाचवा चार्ल्स, अर्ध्या युरोपाचा आणि अमेरिकेतल्या मुलखाचा धनी, राज्य सोडून 1557च्या फेब्रुवारीत इथे राहायला आला आणि 21 सप्टेंबर 1558ला इथेच मलेरियाने गेला. वय अठ्ठावन्न. त्याचं घर चर्चला चिकटून बांधलंय. मी महालाच्या अपेक्षेने गेले होते. मोजक्या खोल्या निघाल्या. शयनगृहातून चर्चच्या वेदीकडे दार उघडतं, म्हणजे पलंगावरूनच प्रार्थना दिसावी. भिंतींवर काळं कापड. बाहेर ओट्यापर्यंत चढत जाणारा लांब उतार आहे. आईने तो पाहिला आणि लगेच ओळखलं: "याला पायऱ्या चढता येत नव्हत्या."

खरंच नव्हत्या. त्याला संधिवाताचा जुनाट विकार होता, गाऊट. त्याच्या बोटाचा एक तुकडा जपलेला आहे, तो तपासून अलीकडच्या संशोधकांनीही हेच सांगितलं. आत त्याची पाय पसरून ठेवायची खुर्ची आहे. आई तिच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. हात लावायचा नसतो, पण पाय ठेवायची फळी किती उंचीवर आहे हे ती वाकून बघत होती. मी पुढे जायची घाई केली नाही.

मला स्वतःला थांबवलं ते दुसऱ्या एका गोष्टीने. चार्ल्सने युस्तेला येताना आपल्या गेलेल्या बायकोचं, इसाबेलचं, चित्र बरोबर आणलं होतं. इसाबेल पोर्तुगालच्या राजा मानुएलची मुलगी. 1510मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला तो याच मानुएलच्या कारकिर्दीत. शाळेत आपण आल्बुकर्कचं नाव पाठ केलं. ज्या राजासाठी त्याने ते केलं त्याचा जावई या डोंगरात येऊन मेला, हे मला तिथे उभं राहून कळलं.

मठाकडे जाणाऱ्या रस्त्यावर जर्मन सैनिकांचं कब्रस्तान आहे. पहिल्या महायुद्धातले 26 आणि दुसऱ्यातले 154, ज्यांची विमानं स्पेनच्या किनाऱ्याजवळ पडली किंवा बोटी बुडाल्या ते. ऑलिव्हच्या झाडांखाली काळसर ग्रॅनाइटचे एकसारखे क्रूस, त्यावर नाव आणि तारखा. आईने वजाबाक्या करायला सुरुवात केली. वीस. एकोणीस. बावीस. चौथ्या क्रूसानंतर थांबली.

बुधवारी पर्वत ओलांडून हेर्तेच्या खोऱ्यात जायचं होतं. वाटेत गार्गांता ला ओया लागतं. ओया म्हणजे हंडी, आणि गाव खरोखर हंडीच्या तळाशी बसलंय. लाकडी चौकटींची घरं, वरचे मजले रस्त्यावर झुकलेले. तिथून पियोर्नाल, मग खाली चेरीच्या बागांतून हेर्ते. 1556च्या नोव्हेंबरात चार्ल्सला याच डोंगरावरून, हेर्तेच्या खोऱ्यातल्या तोर्नावाकासहून ला वेरातल्या हारांदियाला, माणसांनी खांद्यावर वाहून आणलं होतं. ती पायवाट आजही चालता येते, पण सव्वीसेक किलोमीटरची आहे. आमच्यासाठी नव्हे.

आमच्यासाठी होतं लोस पिलोनेस. माहिती केंद्रापासून एका बाजूने साधारण तीन किलोमीटर, चढाची वाट. धडधाकट माणसाला तास लागतो. आम्ही सकाळी आठला निघालो आणि दोन तास घेतले. दोन काठ्या, दर वळणावर बसणं, गुडघ्याला पट्टा. अर्ध्या वाटेत सावली संपते, म्हणून माणशी दीड लिटर पाणी घ्या. वर वादळी पाऊस होणार असेल तर अजिबात जाऊ नका, ओढा पाहता पाहता फुगतो.

पोचलो आणि पुलावरून खाली पाहिलं. गुळगुळीत पांढऱ्या ग्रॅनाइटमध्ये पाण्याने कोरलेले मोठाले गोल खड्डे, एकातून दुसऱ्यात उतरणारे, हिरवंनिळं पाणी भरलेले. पिलोन म्हणजे दगडी हौद. आई म्हणाली, "निघोज." पारनेर तालुक्यात कुकडीच्या पात्रात आहेत तसेच रांजणखळगे. तिकडे काळा बेसॉल्ट, इकडे ग्रॅनाइट, पण काम तेच: भोवऱ्यात अडकलेला गोटा हजारो वर्षं गरगर फिरतो आणि खडक पोखरत जातो. तिकडच्यांनी हौद म्हटलं, आपण रांजण.

एका उथळ रांजणात आई उतरली. मनगटं, मान, पोट, आजींनी शिकवलेल्या क्रमाने. मग हात खाली घालून तिने तळातून एक गोटा काढला, आंब्याच्या कोयीएवढा, इतका गोल की कुठे कड लागत नव्हती. तळहातावर फिरवून पाहिला, मला दिला, मीही फिरवला. राखीव जागा आहे, काही न्यायचं नाही. तिने तो परत घेतला आणि जिथे पाणी वळतं बरोबर तिथे सोडला.

"अजून दहा मिनिटं," म्हणाली आणि पाठीवर तरंगायला लागली.