पाणी उचलणारी गाडी

माझे मामा ठाण्यात अग्निशमन दलात चालक-यंत्रचालक होते. निवृत्तीला काही वर्षे झाली, तरी घोडबंदर रस्त्यावरून बंब गेला की आजही ते हातातले काम ठेवून गॅलरीत येतात. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांची सर्वांत आवडती गाडी कोणती, असे मी परवा त्यांना विचारले. उंच शिडीच्या गाडीचे नाव येईल अशी माझी अपेक्षा होती, पण ते म्हणाले, "साधा वॉटर टेंडर. फक्त पंप चांगला पाहिजे."

हे उत्तर मला तेव्हा फारसे कळले नाही. मग त्यांनी हिशेबच मांडला. नेहमीच्या वॉटर टेंडरच्या, म्हणजे पाण्याच्या बंबाच्या, टाकीत सुमारे ४,५०० लिटर पाणी मावते. मिनिटाला ४५० लिटर पाणी फेकणाऱ्या दोन ब्रँच (होजच्या टोकाच्या तोट्या) एकदम सुरू केल्या, तर ही टाकी पाच मिनिटांत रिकामी होते. वर्दी मिळाल्यावर (दलात आगीच्या किंवा अपघाताच्या खबरीला वर्दीच म्हणतात) पहिली गाडी पोहोचते, तेव्हा तिच्यापाशी असलेला वेळ एवढाच असतो, आणि तेवढ्यात पुढच्या पाण्याची सोय लावणे हे पंपापाशी उभ्या असलेल्या माणसाचे काम असते. जवान होज घेऊन धुरात शिरलेले असतात, त्यांना टाकीतील पातळी दिसत नाही. दाब अचानक पडला, तर ज्वाळेसमोर त्यांच्या हातात नुसता पाइप उरतो.

जवळ टँकर नसेल, तर विहिरीतून किंवा तलावातून पाणी उचलावे लागते, आणि मामांचा जीव खरा गुंतलेला आहे तो येथे. ठाणे तलावांचे शहर असल्यामुळे हा सराव त्यांनी भरपूर केला. टोकाला जाळी असलेला जाड सक्शन पाइप पाण्यात सोडायचा, सर्व सांधे घट्ट करायचे आणि प्रायमर नावाच्या छोट्या पंपाने आतील हवा काढून घ्यायची. मग बाहेरच्या हवेचा दाबच पाण्याला वर ढकलतो. पंप पाणी ओढत नाही, हे मला त्या दिवशी प्रथमच नीट समजले. म्हणूनच सिद्धान्ताप्रमाणे ही उंची सुमारे १० मीटर असली, तरी प्रत्यक्षात सात-आठ मीटरच्या पलीकडे अशा रीतीने कोणताही पंप पाणी उचलू शकत नाही. एखाद्या सांध्यातून किंचित हवा शिरली, तर दाबमापकाचा काटा नुसताच थरथरतो. पाणी आले की इंजिनाचा आवाज जड होतो आणि काट्याकडे पाहण्याआधीच ते कानाला कळते, असे मामा सांगतात. ज्या गाडीने हा आवाज त्यांना दरवेळी लगेच ऐकवला, ती त्यांची आवडती गाडी.

रेस्क्यू व्हॅनविषयी ते वेगळ्या आदराने बोलतात. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळील लकी कंपाउंडमध्ये इमारत कोसळून ७४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवसांविषयी मामा फारसे बोलत नाहीत. ढिगाऱ्याखालच्या माणसासाठी कोणती साधने लागतात, हे मात्र तपशीलवार सांगतात. पत्रा फाकवणारा हायड्रॉलिक स्प्रेडर, सळई कापणारा कटर, बोटभर फटीत सरकवून हवा भरली की अवजड तुकडा उचलणारी चपटी पिशवी आणि रात्री उंच खांबावर लागणारे दिवे हे सगळे त्या एका गाडीत असते. कोणते साधन कोणत्या कप्प्यात आहे, हे अंधारात हाताला कळले पाहिजे, म्हणून ड्युटी बदलताना प्रत्येक कप्पा उघडून तपासला जातो.

नवी मुंबईतील रासायनिक कारखान्यांच्या पट्ट्यात मात्र मान फोम टेंडरला, म्हणजे फेस फवारणाऱ्या गाडीला. पाण्यापेक्षा हलके द्रावक पेटले आणि त्यावर पाण्याचा झोत मारला, तर ते पाण्यावर तरंगत आग पुढे नेते. फोम त्यावर पांघरुणासारखा पसरून हवा तोडतो.

शिडीच्या गाडीवर मामांचा राग मुळीच नाही, कारण उंच मजल्यावरील माणसाला तिचाच आधार वाटतो. त्यांची तक्रार आपल्याबद्दल आहे, आणि ती मला पूर्णपणे पटते. ही गाडी चारही जॅक बाहेर काढून कठीण जमिनीवर टेकवल्याशिवाय शिडी उचलता येत नाही. अग्निशमन वाहनासाठीची मोकळी जागा ४५ टन भार पेलणारी असावी, अशी राष्ट्रीय बांधकाम संहितेत तरतूद आहे, आणि आपण तेथे कुंड्या मांडतो, मोटारी लावतो, मांडवासाठी खड्डे खणतो.

मागच्या रविवारी मामा ऐरोलीला आमच्या सोसायटीत आले, तेव्हा फाटकापाशीच थांबले. त्यांनी आधी वर लोंबणाऱ्या केबल पाहिल्या, मग खाली चेंबरची झाकणे पाहिली आणि इमारतीच्या कोपऱ्यापर्यंत पावले मोजत गेले. तीन मोटारी आणि गुलमोहराची एक आडवी फांदी, एवढे हलवायला त्यांनी सांगितले. फांदीसाठी महापालिकेकडे अर्ज केला आहे. दोन मोटारी त्याच संध्याकाळी हलल्या. तिसऱ्या मोटारीच्या मालकांशी मी उद्या पुन्हा बोलणार आहे.