नानांची वही

निफाड तालुक्यातील द्राक्ष उत्पादकांच्या एका गटासाठी मी कृषी सल्लागार म्हणून काम करतो. नोव्हेंबरमधील त्या दिवशी पहाटे साडेपाचला गटातील बागायतदार नानांचा फोन आला. रात्रभर अवकाळी पावसाची रिपरिप चालू होती, गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, होऊन चाळीस दिवस झाल्याने बाग ऐन फुलोऱ्यात होती आणि नेमक्या त्याच वेळी बागेतील हवामान यंत्राचे आकडे मोबाइलवर दिसेनासे झाले होते. "सर, यंत्र जागेवर चालू आहे, पण ॲप म्हणतंय वर्गणी संपली," नाना म्हणाले.

फुलोऱ्यात पाऊस झाला की आम्हाला धास्ती असते ती डाऊनी, म्हणजे केवडा रोगाची. तापमान वीस ते पंचवीस अंशांच्या आसपास असताना पान काही तास सलग ओले राहिले, तर रोगाची लागण होते. तेलकट डाग मात्र काही दिवसांनी दिसतात आणि तोवर घड हातचे गेलेले असू शकतात. म्हणून पान किती तास ओले होते, हा एकच आकडा त्या सकाळी आम्हाला हवा होता. मी यंत्र पुरवणाऱ्या कंपनीला फोन केला. समोरच्या माणसाने सौजन्याने सांगितले की वर्गणी भरल्यावर चालू आकडे दिसतील, परंतु मागील तीन हंगामांचे तासागणिक आकडे फाइलच्या रूपात देण्याची सोय नाही. यंत्र नानांनी रोख पैसे देऊन विकत घेतलेले होते. जमीन त्यांची, वेली त्यांच्या, ओले झालेले पानही त्यांचेच. आणि त्या पानाची नोंद मात्र त्यांना मिळत नव्हती. याचा मला आजही संताप येतो.

मी बागेत पोहोचलो तेव्हा नाना फवारणीची वही घेऊन बांधावर बसले होते. निर्यातीच्या बागांची नोंदणी आणि माग ठेवणारी ग्रेपनेट व्यवस्था २००६ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून औषध, मात्रा, तारीख आणि काढणीपूर्व कालावधी (फवारणी आणि काढणी यांत सोडायचे दिवस) लिहून ठेवण्याची शिस्त त्यांनी कधी मोडलेली नाही. त्या रकान्यांच्या कडेला त्यांनी स्वतःसाठीही काही लिहिले होते: नाल्याकडचा खालचा प्लॉट वरच्या प्लॉटपेक्षा दोन-अडीच तास उशिरा सुकतो. यंत्र उभे होते वरच्या प्लॉटमध्ये, त्यामुळे ही गोष्ट त्याला कधी कळलीच नसती. सेन्सरच्या आकड्याला मोल येते ते अशी नोंद त्याच्या शेजारी ठेवल्यावर. कंपनीकडे अडकलेले तीन हंगामांचे आकडे आणि ही वही एकत्र मांडता आली असती, तर कोणत्या रात्रीनंतर कोणत्या ओळीत रोग आला, हे आम्हाला नेमके दिसले असते.

दीड किलोमीटरवर गटातील आणखी एका शेतकऱ्याचे यंत्र होते. त्यांनी आकडे द्यायला आधी आढेवेढे घेतले, आणि त्यामागचे कारण खरे होते. मागच्या हंगामात सौद्याला आलेल्या व्यापाऱ्याने बागेत पाऊल टाकण्याआधीच साखर किती भरली आणि माल किती टन निघेल, हे सांगून दर पाडला होता. ती माहिती कुठून फुटली, ते त्यांना आजवर समजलेले नाही. शेवटी त्यांच्या पत्नीनेच तिढा सोडवला. "पान किती वेळ ओलं होतं, हे सगळ्या शिवाराला कळू द्या. साखर आणि टनाचा आकडा मात्र घराबाहेर जायचा नाही."

डेटाच्या वाटपावरील अनेक चर्चांना मी बसलो आहे, पण हा भेद इतका स्वच्छ कोणी मांडलेला मी ऐकला नव्हता. रोगाची आणि हवामानाची नोंद जितक्या बागांतून येते, तितकी ती प्रत्येकाच्या उपयोगी पडते. उत्पादनाची नोंद सौद्याआधी बाहेर गेली, तर शेतकऱ्याच्या हातातील दर ठरवण्याची ताकदच जाते. ॲपमध्ये खाते उघडताना मात्र या दोन्हींसाठी एकच संमती घेतली जाते.

शेजारच्या यंत्राने पान सहा तास ओले असल्याचे दाखवले. वहीतील नोंद जमेस धरता खालच्या प्लॉटला ते आठ तासांच्याही वर जात होते. खालच्या प्लॉटवर आम्ही तातडीने फवारणीचा ब्लोअर चालवला आणि वरच्या प्लॉटची फवारणी जमिनीला वाफसा येईपर्यंत थांबवली.

संध्याकाळी गटाच्या बैठकीत मी २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याविषयी सांगितले. त्यात आपली माहिती पाहण्याचा, दुरुस्त करण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क आहे, पण ती उचलून दुसऱ्या कंपनीकडे नेण्याचा हक्क नाही. युरोपीय संघात मात्र सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या डेटा कायद्याने यंत्र वापरणाऱ्याला त्या यंत्राचे आकडे मागण्याचा अधिकार दिला आहे. आपल्याकडे तशी तरतूद होईपर्यंत करारातच अट घालून घ्यावी, असे ठरले. पुढील यंत्रखरेदीच्या मसुद्यात आम्ही ती लिहिली: सर्व तासागणिक नोंदी फाइलच्या रूपात, विनाशुल्क, वर्गणी संपल्यानंतरही.

नानांचे तीन हंगामांचे आकडे अजून मिळालेले नाहीत. ते रोज सकाळी शेजारी फोन करून ओल्या तासांचा आकडा वहीत उतरवतात आणि मग खालच्या प्लॉटमध्ये जाऊन, पानाला बोट लावून, ते किती वाजता सुकले ते त्याच्यापुढे लिहितात.