वाघरीतली काळी कोकरं

२ डिसेंबर २०२१. रात्रभर अवकाळी पाऊस, वर बोचरा वारा. मेंढरं मेल्याचे फोन पहाटेपासून सुरू झाले. मी पशुवैद्य, मेंढपाळांचा पहिला वाडा, म्हणजे रानातला मुक्काम, गाठला तो पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, बाजरी काढलेल्या रानात खतासाठी बसवलेला. वाघरीच्या, म्हणजे मेंढरांभोवती लावलेल्या जाळीच्या आत घोट्यापर्यंत चिखल आणि एका कोपऱ्यात एकमेकांवर चढलेली मेंढरं. खालची काही गुदमरूनच गेली होती.

आजी तीन कोकरं घेऊन चुलीपुढे बसल्या होत्या.

"आजी, आधी शेकू नका."

"गारठलंय लेकरू, आन् शेकू नगं म्हंता?"

त्यांचंही बरोबरच होतं. पण दोन दिवसांचं कोकरू उपाशीपोटी गारठलं की त्याच्या रक्तातली साखर संपते. साखर न देताच ऊब दिली तर झटके येऊन जातं. थर्मामीटर ३५ अंश सेल्सिअसवर. कोकराचं ३९ च्या पुढे हवं. ग्लुकोजच्या बाटलीत उकळलेलं पाणी घालून ते वीस टक्क्यांवर आणलं, अंगाइतकं कोमट होऊ दिलं. वाड्यावरच्या बाबांनी कोकरू पुढच्या पायांना धरून लोंबतं ठेवलं. पोटात, बेंबीखाली बोटभर, सुई शेपटीकडे तिरकी, किलोला दहा मिली. मग घोंगडीत गुंडाळून चुलीपाशी.

पंचनाम्यासाठी मेलेली ओळीत मांडली. एकोणीस. त्यांत नुकत्याच कातरलेल्या काळ्या दख्खनी पाच. बाकीची पांढरी-तांबडी, उंच, अंगावर लोकर नावालाच. माडग्याळ मेंढ्याची पैदास. दख्खनी मेंढी जेमतेम तीस किलोची, बाजारात मार खाते. माडग्याळचं कोकरू झपाट्यानं वाढतं, पैसाही चांगला. म्हणून तीन वर्षांपूर्वी आजींच्या नातवाला तो मेंढा घ्यायला मीच सांगितलं होतं. वजनाचा हिशेब चुकीचा नव्हता, पण तो मेंढा सांगलीकडच्या जतच्या कोरड्या माळावरचा. हा वाडा वर्षातले आठ महिने उघड्यावर.

न कातरलेल्या काळ्या मेंढ्या मात्र अंग झाडून बांधावरचं गवत ओरबाडत होत्या. एकीच्या पाठीवरची लोकर दोन बोटांनी फाकवली. वर पाणी निथळत होतं, खाली कातडी कोमट.

तासाभरानं घोंगडीत हालचाल झाली. एक कोकरू ढुशा मारत आजींचं बोटच चोखू लागलं.

"सायेब," बाबा म्हणाले, "त्यो मेंढा ठिवू का इकू?"

मी थर्मामीटर झटकलं आणि पुढचं कोकरू मागितलं.